क्रेडेन्शियलिंग आणि हॉस्पिटल कम्प्लायन्समधलं करिअर: आयटी पार्कची रातपाळी की धंतोलीचं हॉस्पिटल?

वर्धारोडवरची:

नमस्कार मंडळी. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झालं, त्यानंतर नागपुरात रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्टिंग आणि रजिस्टरचं काम करते आहे. आता एकाच वेळी दोन ठिकाणांहून ऑफर आली आहे.

पहिली आयटी पार्कमधल्या ऑफिसची. अमेरिकन डॉक्टरांचं प्रोव्हायडर क्रेडेन्शियलिंग (डॉक्टरांची पात्रता आणि कागद तपासून त्यांना विमा कंपन्यांकडे नोंदवणं), रातपाळी, घरापर्यंत गाडी. दुसरी धंतोलीतल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलची. क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये एक्झिक्युटिव्ह, दिवसाची ड्यूटी, एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाचं राष्ट्रीय मानांकन) तयारी सुरू आहे. पगार मात्र पहिल्यापेक्षा बराच कमी.

घरी हे काम नेमकं काय असतं ते मला धड सांगता येत नाही. बाबा म्हणतात, "दोन्हीकडे फॉर्मच भरायचे ना?" या क्षेत्रात असलेल्यांनी सांगावं: रोजचं काम काय असतं, आणि पाच-सात वर्षांनी या अनुभवाला कोण विचारतं?

रातपाळी:

ताई, मी हेच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

अमेरिकेत डिग्री आणि राज्याचं लायसन्स हातात आलं म्हणून डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून विम्याच्या पेशंटचं बिल लावू शकत नाही. प्रत्येक विमा कंपनीच्या (आम्ही पेअर म्हणतो) नेटवर्कमध्ये त्याला वेगळं घ्यावं लागतं. मेडिकेअरसाठी (तिथल्या सरकारचा मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा विमा) पेकॉस या पोर्टलवर वेगळी नोंदणी. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन करायचं तर तिथल्या मेडिकल स्टाफ ऑफिसची मंजुरी वेगळी. त्यापूर्वी त्याचा एनपीआय, म्हणजे १० आकडी ओळख क्रमांक, लागतो. त्यानंतर सीएक्यूएच या सामायिक पोर्टलवरची प्रोफाइल. ती साधारण दर १२० दिवसांनी डॉक्टरने 'माहिती बरोबर आहे' असं पुन्हा अटेस्ट करायची असते. ती तारीख चुकली की पेअरकडे चालू असलेला अर्ज तिथेच अडकतो.

हे सगळं मिळून तीन-चार महिने सहज जातात. तेवढे दिवस डॉक्टर पेशंट तपासतोय आणि बिल निघत नाहीये, अशी स्थिती झाली तर क्लिनिकचं कंबरडं मोडतं. मेडिकेअर साधारणपणे अर्जाच्या तारखेच्या फार तर ३० दिवस मागपर्यंतचं बिल मान्य करतं, त्याआधीचं काम फुकट गेलं. शिवाय मेडिकेअरचं रिव्हॅलिडेशन दर ५ वर्षांनी. ते राहिलं तर डॉक्टरची बिलिंगची परवानगीच बंद पडते, आणि मधल्या खंडातले पैसे परत मिळत नाहीत. म्हणून आमच्याकडे तारखांचं कॅलेंडर हीच खरी मालमत्ता.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आता. फॉर्म भरणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम जुळवाजुळवीचं. समजा एका ग्रुप प्रॅक्टिसचं नाव आयआरएसच्या (अमेरिकन कर खातं) सीपी ५७५ या कर क्रमांकाच्या पत्रावर एक आहे, डब्ल्यू-९ या कराच्या फॉर्मवर स्वल्पविराम कमी आहे, आणि एनपीआयच्या नोंदीत जुन्या पत्त्याचा गाळा नंबर राहिलाय. तिन्ही कागद आपापल्या जागी खरे, पण पेअर अर्ज परत पाठवणार. आता यातलं कुठलं दुरुस्त करायचं, कोणत्या क्रमाने, आणि त्याला किती दिवस लागतील, हे ज्याला कळतं त्याला टीममध्ये मान आहे.

डॉक्टरच्या कामाच्या इतिहासाचंही तसंच. एनसीक्यूएच्या (विमा योजनांचा दर्जा तपासणारी अमेरिकन संस्था) मानकांप्रमाणे मागच्या ५ वर्षांचा इतिहास लागतो. मध्ये ६ महिन्यांपेक्षा मोठा खंड असेल तर त्याचं स्पष्टीकरण घ्यायचं, वर्षापेक्षा मोठा असेल तर ते लेखी. बाळंतपण असेल, आईचं आजारपण असेल, किंवा असं काही असेल की जे डॉक्टरला सांगायचं नाही. फाइल हाताळणाऱ्याने तो खंड पाहिलाच नाही तर पुढे कोणीच पाहत नाही.

दर ३ वर्षांनी विमा कंपनी हे सगळं पुन्हा तपासते, त्याला रीक्रेडेन्शियलिंग म्हणतात. आणि मध्ये दर महिन्याला ओआयजीची (अमेरिकन आरोग्य खात्याचं तपास कार्यालय) बंदी घातलेल्यांची यादी तपासायची. त्या यादीतल्या माणसाला कामावर ठेवून मेडिकेअरचं बिल लावलं तर दंड बसतो.

पुढचा रस्ता म्हणाल तर स्पेशालिस्ट, मग सीनियर, मग ऑडिटर किंवा टीम लीड, मग क्लायंटशी थेट बोलणारा मॅनेजर. नॅम्स या अमेरिकन संघटनेची सीपीसीएस ही क्रेडेन्शियलिंगची परीक्षा आहे, पण तिला आधी कामाचा अनुभव लागतो. पहिल्याच दिवशी तिच्या मागे लागू नका.

फाइलवाली:

रातपाळीदादांनी त्यांची बाजू छान मांडली. मी हॉस्पिटलच्या बाजूची. नागपुरातच क्वालिटी आणि कम्प्लायन्स करते, त्यामुळे धंतोलीची ऑफर माझ्या जवळची आहे.

क्रेडेन्शियलिंग हॉस्पिटलमध्येही असतं, फक्त ते एचआरच्या कपाटात पडलेलं असतं म्हणून कोणाला दिसत नाही. एनएबीएचची सहावी आवृत्ती २०२५ पासून लागू आहे: १० प्रकरणं, १०० मानकं, ६३९ तपासणीचे मुद्दे. त्यातल्या मनुष्यबळाच्या प्रकरणात डॉक्टर आणि नर्सचं क्रेडेन्शियलिंग व प्रिव्हिलेजिंग थेट मागितलंय. क्रेडेन्शियलिंग म्हणजे हा माणूस म्हणतो तो आहे का, शिकलाय का, नोंदणी चालू आहे का. प्रिव्हिलेजिंग म्हणजे आपल्या हॉस्पिटलमध्ये त्याने नेमकं काय करायचं. एम.एस. जनरल सर्जरी झालेल्या प्रत्येकाला सगळ्या लॅप्रोस्कोपीची मुभा नसते. ती यादी ओटीच्या (ऑपरेशन थिएटर) इन्चार्ज सिस्टरकडे असायला हवी. असेसर (मानांकनाचे तपासनीस) येतात तेव्हा ते ऑफिसात फाइल मागून थांबत नाहीत. ओटीत जाऊन सिस्टरला विचारतात, "आज हे डॉक्टर ही प्रोसिजर करणार आहेत, त्यांना परवानगी आहे हे तुम्हाला कसं कळलं?" सिस्टरने यादी काढून बोट ठेवलं तर मुद्दा पास. तिने "सर नेहमी करतात" म्हटलं तर कपाटातल्या सुंदर फाइलला किंमत शून्य.

नागपूरचा एक खास पैलू सांगते, हा पुण्यात कमी येतो. आपल्याकडे छिंदवाडा, बालाघाट, सिवनी, रायपूरकडून डॉक्टर आणि नर्सेस मोठ्या संख्येने येतात. दुसऱ्या राज्याच्या कौन्सिलची नोंदणी घेऊन आलेल्या डॉक्टरने इथे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी घ्यायची असते, नर्सने महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची. आधीच्या कौन्सिलचं ना-हरकत यायला वेळ लागतो आणि हॉस्पिटलला मात्र माणूस उद्यापासून ड्यूटीवर हवा असतो. या दोन गोष्टींच्या मध्ये क्वालिटीवाली उभी असते. "नोंदणी येईपर्यंत स्वतंत्र ड्यूटी नाही" हे मॅनेजमेंटला सांगण्याची हिंमत हा या नोकरीचा गाभा आहे.

आपल्या डॉक्टरांची नोंदणी ५ वर्षांनी नूतनीकरणाला येते, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट (प्रशिक्षण-परिषदांना हजेरीचे) लागतात. पी.जी. झाल्यावर ती वाढीव पदवी कौन्सिलकडे चढवावी लागते, आणि ती चढवायची राहून गेलेले डॉक्टर आजही सापडतात. म्हणून झेरॉक्सवर कधीच थांबायचं नाही. कौन्सिलच्या वेबसाइटवर नोंदणी क्रमांक टाकून बघायचा, विद्यापीठाला पत्र किंवा मेल पाठवायचा, आलेलं उत्तर फाइलला लावायचं. मुळापासून खात्री करणं हेच ते 'प्रायमरी सोर्स व्हेरिफिकेशन', आयटी पार्कमध्येही आणि धंतोलीतही.

हे झालं माणसांचं. आता वास्तूचं आणि यंत्रांचं. महाराष्ट्रात केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा लागू नाही, आपल्याकडे १९४९चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. शहरात मनपाच्या आरोग्य विभागाकडून नोंदणी, मुदत ३ वर्षं. २०२१च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं आलं. सोनोग्राफीला पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा): प्रत्येक गर्भवतीचा एफ फॉर्म, महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत, आणि एका जिल्ह्यात एका डॉक्टरला दोनपेक्षा जास्त केंद्रांवर सोनोग्राफी करता येत नाही. एक्स-रे आणि सीटीला एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवाना, त्यांच्या ई-लोरा पोर्टलवरून. जैववैद्यकीय कचऱ्याला २०१६चे नियम, प्रदूषण मंडळाचं अधिकारपत्र, आणि कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. औषधाचं लायसन्स आहे, लिफ्ट आहे, असं बरंच काही.

आणि फायर. २००६च्या कायद्याने दर ६ महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, बी फॉर्म (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र) द्यावा लागतो. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. भंडारा इथून तासाभराच्या अंतरावर आहे. त्यानंतर सगळीकडे फायर ऑडिट सुरू झाले. बी फॉर्म भरताना मी आजही आधी एनआयसीयूत जाऊन उभी राहते: बाहेर पडायचा दरवाजा उघडतोय का, त्याच्यासमोर सलाइनचे खोके रचलेत का, रात्रीच्या सिस्टरला अग्निशामक नळकांड्याची पिन काढता येते का. कागदावरची सही हे बघून झाल्यावर. ज्याला हे काम फॉर्म भरण्याचं वाटतं, त्याने एकदा त्या दरवाजापाशी उभं राहावं.

ओपीडीनंतर:

मी डॉक्टर आहे, छोटं नर्सिंग होम चालवतो, आणि माझी बाजू थोडी वेगळी आहे. फाइलवालीताई, तुमचा कळकळीचा सूर समजतो. पण १५ खाटांच्या हॉस्पिटलला तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक खात्याचा वेगळा अर्ज, वेगळं पोर्टल, वेगळा इन्स्पेक्टर सांभाळायचा असतो. एकच पत्ता, एकच मालक, तरी तीच माहिती सात ठिकाणी. मी पेशंट बघायचे की पासवर्ड सांभाळायचे? त्यात कन्सल्टंट लोक तयार पॉलिसीचे गठ्ठे आणून देतात, हॉस्पिटलचं नाव बदललं की झालं. अशा मानांकनाने पेशंटचं काय भलं होतं?

फाइलवाली:

डॉक्टरसाहेब, तयार गठ्ठ्यांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. दुसऱ्या हॉस्पिटलच्या नावाची पॉलिसी असेसरच्या हातात पडलेली मी पाहिली आहे. ज्या पॉलिसीत तुमच्या मजल्याचा, तुमच्या सिस्टरचा, तुमच्या ऑटोक्लेव्हचा उल्लेख नाही, ती फाडून टाकलेली बरी. पॉलिसी दोन पानांची असू दे, पण तुमच्या माणसांनी लिहिलेली असू दे.

सात ठिकाणी तीच माहिती, हाही त्रास खरा आहे. नेमकं त्यासाठीच या मुलीसारखं माणूस लागतं. १५ खाटांना पूर्णवेळ परवडत नसेल तर तीन-चार नर्सिंग होमनी मिळून एक माणूस ठेवावा, प्रत्येकाकडे ठरलेले दिवस. धंतोली-रामदासपेठेत हॉस्पिटलं एकमेकांना खेटून आहेत, इथे हे सहज जमेल. मनापासून सुचवते आहे, विचार करा.

रातपाळी:

डॉक्टर, 'पेशंटचं काय भलं' याला अमेरिकेतलं एक उदाहरण देतो, आमच्याकडे नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात सांगतात. डॅलस परिसरात ख्रिस्तोफर डंच नावाचा न्यूरोसर्जन होता. २०११ ते २०१३ या काळात त्याच्या हातून ३० हून अधिक पेशंटना गंभीर इजा झाली, दोघं दगावले. २०१७ साली टेक्सासच्या कोर्टाने त्याला जन्मठेप दिली.

आता कागदाचा भाग. तिथे नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक आहे, १९९० पासून सुरू. चौकशी चालू असताना डॉक्टरने राजीनामा दिला किंवा त्याचे अधिकार ३० दिवसांहून जास्त काळासाठी काढले, तर हॉस्पिटलने तिथे नोंद करायची असते. पहिल्या हॉस्पिटलातून हा माणूस राजीनामा देऊन बाहेर पडला आणि नोंद गेलीच नाही. पुढच्या ठिकाणी तपासायला गेलं तरी रेकॉर्ड कोरं. ज्या पेशंटला नंतर त्याच्या टेबलावर झोपवलं, त्याला यातलं काय माहीत असणार?

भाऊ_सदरवाले:

सगळं वाचून राहिलो, लय कामाचा धागा आहे. एकच विचारायचं होतं. हे एआय-बीआय आलं न आता, पोर्टल आपोआप भरते म्हणतात. मग पोरीनं यात जावं काऊन? पाच वर्षांत नोकरीच गेली तर?

रातपाळी:

भाऊ, भरण्याचं काम कमी होऊन राहिलंच आहे. लायसन्सच्या तारखा, बंदी यादीची तपासणी, हे आमच्याकडेही आता सॉफ्टवेअर करतं. ज्याने फक्त टाइपिंग केलं त्याची अडचण होणार, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पेअरला फोन लावून पाऊण तास होल्डवर थांबायचं, समोरच्याचं नाव, वेळ आणि कॉल रेफरन्स नंबर टिपायचा, दोन महिन्यांनी ते म्हणाले "आम्हाला अर्ज मिळालाच नाही" की तोच नंबर पुढे करून फाइल जुन्या तारखेवर उघडवायची, हे अजून माणूसच करतो. तसंच फाइलमध्ये काहीतरी बसत नाहीये हे ओळखून विचारणं. पोरीला पहिल्या दिवसापासून 'का परत आला' हे समजून घ्यायची सवय लागली तर ती टिकते.

खामल्याचे काका:

माझी मुलगी अशाच ऑफिसात आहे, म्हणून बापाच्या नजरेने लिहितो. वेळेचा हिशोब आधी समजून घ्या. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, नोव्हेंबरनंतर साडेसात. परतायला पहाट होते, तेव्हा मेट्रो नसते. डिसेंबरात त्या वेळी वर्धा रोडवर धुकं असतं.

महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षिततेची व्यवस्था हवी आणि घराच्या दारापर्यंत पोचवायला हवं. दारापर्यंत, चौकापर्यंत नाही. मी स्वतः ऑफिसात जाऊन हे विचारून आलो होतो. बेटा, तूही बिनधास्त विचार. शेवटी कोणाला सोडतात, गाडीत सोबत गार्ड असतो का, ड्रायव्हर बदलला तर कळवतात का.

मुलीची तब्येत सुरुवातीला बिघडली होती, झोपेचं गणित बसायला वेळ लागला. पण पगार वेळेवर होतो, इंग्रजी सुधारलं, आणि ती आज नवीन मुलांना शिकवते. मला तिचा अभिमान आहे.

सिस्टर_मेडिकल_चौक:

मी नर्सिंगमधून क्वालिटीत आले, म्हणून थोडं शिक्षणाबद्दल लिहिते. एमएचए (हॉस्पिटल प्रशासनाची मास्टर्स पदवी) केलेलं असेल तर चांगलंच, पण नसलं तरी दार बंद नाही. एनएबीएचचे स्वतःचे अंमलबजावणीचे प्रशिक्षण कार्यक्रम असतात, काहो या संघटनेचा हॉस्पिटल क्वालिटीचा सर्टिफिकेट कोर्सही चांगला मानतात. नोकरी लागल्यावर हॉस्पिटलकडूनच फी मागा, बरेच जण देतात.

मायक्रोबायोलॉजी झालंय तर संसर्ग नियंत्रणाच्या कामात तू पहिल्या दिवसापासून उपयोगी पडशील. कल्चरचे रिपोर्ट, हाताच्या स्वच्छतेचं निरीक्षण, ओटीतले स्वॅब, हे समजणारं माणूस क्वालिटी विभागात कमी मिळतं.

आणि एक कळकळीची विनंती. 'क्रेडेन्शियलिंगचा कोर्स करा, शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणत मोठी फी घेणारे क्लासेस निघाले आहेत. माझ्या बहिणीचे पैसे अशा एका ठिकाणी गेले. चांगली कंपनी तुम्हाला पगार देऊन शिकवते. नोकरीसाठी कोणी डिपॉझिट किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेत असेल तर तिथून उठून यायचं.

रातपाळी:

सिस्टरच्या शेवटच्या मुद्द्याला मोठ्याने अनुमोदन. शिवाय एक सांगायचं राहिलं. आमच्या कामात अमेरिकन डॉक्टरचा सोशल सिक्युरिटी नंबर, जन्मतारीख, घरचा पत्ता, सगळं समोर असतं. म्हणून फ्लोअरवर मोबाइल, कागद-पेन बंद असतं. मुलाखतीला गेलात आणि तिथे लोक वैयक्तिक व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्टरांची लायसन्स पाठवताना दिसले, तर पगार कितीही असो, ती जागा घेऊ नका.

वर्धारोडवरची:

सगळ्यांचे खूप आभार. काल बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. भंडाऱ्याचा परिच्छेद आल्यावर ते गप्प झाले, नंतर म्हणाले, "हे काम कर."

माझा कल धंतोलीकडे झुकतोय, मुख्यतः संसर्ग नियंत्रणामुळे. पगाराचं दुखणं आहेच. फाइलवालीताई, हे हॉस्पिटल खरंच काम करू देणार की मला नुसती सह्या गोळा करायला ठेवणार, हे आधी कसं ओळखायचं? शुक्रवारी पुन्हा बोलावलंय.

फाइलवाली:

पहिलं विचार, तू कोणाला रिपोर्ट करणार. क्वालिटीची माणसं थेट मेडिकल डायरेक्टर किंवा मालक डॉक्टरांना रिपोर्ट करत असतील तर तुझ्या 'नाही'ला वजन राहील. बिलिंग मॅनेजर किंवा मार्केटिंगच्या खाली ठेवणार असतील तर सह्याच गोळा करशील.

दुसरं, ओटीत प्रिव्हिलेजची यादी कुठे असते ते दाखवा म्हण. यादी नसेल तरी हरकत नाही, तयारी सुरू आहे म्हणालीस ना. तुझा प्रश्न ऐकून ते चिडतात की "हे तूच करायचं आहे" म्हणतात, ते बघ. मागच्या तीन महिन्यांतल्या इन्सिडंट रिपोर्टचं (चुका-अपघातांच्या नोंदींचं) रजिस्टरही माग. एकही नोंद नसेल तर तिथे काही घडत नाही असं नव्हे, तिथे सांगायला लोक घाबरतात.

पगाराचं म्हणशील तर मानांकन मिळाल्यावर पगारवाढ किती हे आत्ताच ऑफर लेटरमध्ये लिहून घे. एनएबीएचची एक पूर्ण फेरी, अर्जापासून अंतिम असेसमेंटपर्यंत, स्वतः पार पाडलेल्या माणसाला नागपुरातच नव्हे तर रायपूर, अमरावती, अकोल्याच्या हॉस्पिटलांतूनही फोन येतात. आपल्या मिहानमधल्या एम्सने २०२३ साली एनएबीएच मिळवलं, सगळ्या एम्समध्ये पहिलं. त्यामुळे इथल्या हॉस्पिटलांना आता हे टाळता येत नाही.

शुक्रवारी जाताना लॅबमधल्या तुझ्या रजिस्टरचं एक कोरं पान सोबत ने. रुग्णाची माहिती नसलेलं. रिजेक्ट झालेल्या सॅम्पलची नोंद तू कशी ठेवतेस ते त्यांना दाखव. काय झालं ते इथे नक्की लिही.